पेटीच्या दारावरच्या दहा ओळी

राजापूरकडच्या आमच्या घरात मीटरची लाकडी पेटी पडवीत आहे. तिचे दार उघडले की आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला मजकूर दिसतो. लिहिणारे आमच्या वाडीतले जुने वायरमन. त्यांना सगळे नुसते काका म्हणतात. घर, न्हाणीघर, विहिरीवरचा पंप, मांगर आणि गोठा असे सगळे वायरिंग त्यांनी एका दिवसात तपासले आणि तपासता तपासता हे लिहिले:

मे. ऊन.
माजघर – अनंत
ओटी, पडवी – 50
स्वयंपाकघर – 20
न्हाणी – 4
विहीर – 2
मांगर – 10
गोठा – 0. काळी.
गोठा – 50
पावसात परत पाहणे.

आईच्या मते ही यादी आहे, वाण्याकडच्यासारखी. मी ती गेली दोन वर्षे अधूनमधून वाचतो आणि दर वेळी एखादी ओळ थांबवते. चांगल्या लिखाणाची माझ्यापुरती खूण एवढीच आहे. म्हणून या दहा ओळींचे रसग्रहण.

आधी प्रसंग सांगायला हवा. घर जांभ्या चिऱ्याचे, जुने. माजघरातले वायरिंग अजून लाकडी पट्टीतले. बाकीचे गरजेप्रमाणे वाढत गेले. न्हाणीघरात दिवा हवा झाला, तेव्हा पडवीतून तार ओढली. गोठ्यात दिवा हवा झाला, तेव्हा पडवीतूनच दुसरी ओढली. प्रत्येक जोडणी त्या त्या दिवशी योग्यच वाटली असणार. मग कधीतरी चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचा जुना बोर्ड काढून एमसीबी आणि आरसीसीबी बसवला आणि कटकट सुरू झाली. पहाटे न्हाणीतला गिझर लावला की आरसीसीबी पडे. कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी, कधी पडतच नसे. दुरुस्तीवाल्याने गिझरची कॉइल बदलली. मग गिझरच बदलला. शेवटी एकाने सुचवले, “हे आरसीसीबीचं झंझट काढून डायरेक्ट करून टाकू.” आईने नको म्हटले. घरावरचे मोठे संकट त्या “नको”ने टळले हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसरी तक्रार याहून जुनी होती, पण ती कुणी वायरमनला सांगितलीच नव्हती. तांबू गाय सकाळी डोणीतले पाणी पीत नसे. तोंड जवळ नेई आणि झटकन मागे घेई. दुपारी मात्र निमूट पिई. आईने डोण घासली, शेवाळ काढले, एकदा दृष्टही काढली. मी डोणीवरच्या लोखंडी नळाला टेस्टर लावून पाहिला होता. पेटला नाही. करंट नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

काका आले, ओटीवर बसले, चहा घेतला. आईला विचारले, “गिझर किती वाजता लावता?”

“सहाला.”

“आणि गाय कधी पीत नाही?” ही गोष्ट आईने त्यांना बोलता बोलता सांगितली होती.

“सकाळीच.”

“लाईट नसते त्या दिवशी?”

आईने जरा आठवले. “वादळात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा सकाळीसुद्धा प्यायली की.”

काका काही बोलले नाहीत. उठले आणि म्हणाले, “आधी गाय बाहेर बांधा.”

आता ओळींकडे.

“मे. ऊन.” आकड्यांच्या आधी हवामान. मोजमापाचे टिपण असे का सुरू व्हावे? कारण पुढचे सगळे आकडे तारेवरच्या आवरणाचे आहेत. आवरण वीज किती अडवून धरते ते मेगाओहममध्ये मोजतात. एक मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम. जितका आकडा मोठा तितके आवरण निरोगी. पण आवरणाचा खरा वैरी ओल. मे महिन्यात कोकणातली भिंत, लाकूड, माती, सगळे कडकडीत वाळलेले असते. तीच तार श्रावणात मोजली तर आकडा कित्येक पटींनी खाली येतो. म्हणजे खालचे सगळे आकडे घराच्या सर्वांत चांगल्या दिवसाचे आहेत. “ऊन” हा एक शब्द वाचकाला आधीच बजावतो की इथले 4 हे पावसातले 4 नव्हे. गाण्यात आधी तंबोरा लागतो तसा हा शब्द. त्याच्यावाचून पुढचा एकही स्वर खरा की खोटा ते कळत नाही.

हे आकडे आले कुठून, ते कळायला काकांच्या पिशवीत डोकावले पाहिजे. साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. पिशवीतही हत्यारे तीनच होती.

पहिला टेस्टर. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यात निऑनचा दाणा आणि त्याच्या पुढे मोठा रोध. निऑन हा वायू रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 साली लंडनमध्ये शोधला. नावाचा ग्रीक अर्थ “नवा”. टेस्टरचे टोक तारेला आणि बोट दांड्याच्या टोपीला लावले की एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दाणा नारिंगी होतो. आहे किंवा नाही, एवढेच तो बोलतो. ही अभिधा, कोशातला अर्थ. आणि कोशातल्या अर्थासारखाच तो फसवतोही. साठ-सत्तर व्होल्टच्या खाली दाणा पेटतच नाही. उन्हात पेटलेला दिसत नाही. कुठे न्यूट्रल तुटलेला असेल आणि एखादा दिवा चालू राहिला असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि नवशिक्या गोंधळतो. म्हणून काकांची एक सवय मला फार आवडली. ज्या जागी वीज नक्की आहे तिथे टेस्टर आधी लावायचा. मग संशयाच्या जागी. मग पुन्हा पहिल्या जागी. “नाही” असे सांगणारा साक्षीदार ते बोलण्याआधी धड होता आणि बोलल्यानंतरही धड आहे, हे दोन्ही पाहिल्याशिवाय त्याची साक्ष धरायची नाही. मी नळावर टेस्टर लावला तेव्हा यातले काहीच केले नव्हते. केले असते तरी फसलोच असतो. का, ते पुढे येईल.

दुसरा सिरीज लॅम्प. होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब, तपासायच्या वस्तूच्या वाटेत जोडलेला. बल्ब पुरता उजळला तर वस्तू शॉर्ट. मंद उजळला तर वस्तूतून प्रवाह नीट वाहतो आहे. अंधार राहिला तर वाट कुठेतरी तुटली आहे. खुबी अशी की दोष कितीही मोठा असो, बल्ब प्रवाहाला 0.43 अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. स्फोट होण्याऐवजी उजेड पडतो. इथे उजेडाचा अर्थ उजेड नसतो, समोरच्या वस्तूची प्रकृती असतो. लक्षणेचे शास्त्रातले नेहमीचे उदाहरण “गंगेवर गवळीवाडा” असे आहे. पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून आपण “गंगेच्या काठावर” असा अर्थ घेतो. बल्ब पुरता उजळला म्हणून काका खूश होत नाहीत, उलट इस्त्री बाजूला ठेवतात, ते याच न्यायाने.

तिसरे हत्यार मेगर. काळ्या पेटीसारखे, बाजूला फिरवायचा दांडा. असे आवरण मोजायचे यंत्र इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी 1889 साली सिद्ध केले. “मेगर” हे व्यापारी नाव 1903 साली नोंदले गेले. आपल्याकडे ते नाव क्रियापद होऊन बसले आहे: वायरमन “मेगर मारतात”. दांडा मिनिटाला सुमारे 160 फेरे फिरवला की आतले छोटे जनित्र 500 व्होल्ट देते. त्या दाबाखाली आवरणातून जो सूक्ष्म प्रवाह झिरपतो, तो पाहून काटा आकडा दाखवतो. जुन्या मेगरच्या काट्याला परत ओढणारी स्प्रिंग नसते. दांडा थांबला की काटा जिथे असेल तिथे लोळत राहतो. त्याला स्वतःचे मत नाही. मत येते ते दांडा फिरत असताना, तारेच्या तोंडून.

ही व्यंजना, सुचवलेला अर्थ, आणि तिला शांतता लागते. मेगर मारायचा तर मेन बंद, टेस्टरने खात्री केलेली, दिवे काढलेले, टीव्ही आणि वायफायचा डबा सॉकेटमधून बाहेर. इलेक्ट्रॉनिक वस्तू 500 व्होल्टांनी बिघडतात. अभिधा आणि लक्षणा चालू विजेत काम करतात. मेगर मात्र वीज गेलेल्या घराला प्रश्न विचारतो. आधी दोन्ही टोके हवेत दूर धरून दांडा फिरवायचा: काटा अनंतावर. मग टोके एकमेकांना टेकवायची: काटा शून्यावर. इथेही आधी साक्षीदाराची परीक्षा. मग एक टोक अर्थला, दुसरे तारेला. काटा आधी थोडा झुकतो, मग सावकाश चढतो, मग ठरतो. पूर्ण मिनिटभर फिरवल्यावर जो आकडा राहील तोच लिहायचा. 1956 च्या भारतीय वीज नियमांनीही हेच सांगितले: 500 व्होल्ट, एक मिनिट, किमान एक मेगाओहम. मोजून झाल्यावर तार अर्थला टेकवून तिच्यात साठलेली वीज उतरवून टाकायची.

“माजघर – अनंत.” मेगरवर आडव्या आठाची खूण असते. काकांनी ती न काढता शब्द लिहिला. मला आधी यात भाबडेपणा दिसला. मग लक्षात आले की हा सर्वांत धोक्याचा आकडा आहे. अनंत दोन कारणांनी येतो. एक, आवरण इतके निर्दोष की यंत्राची धाव संपते. दोन, यंत्राचे टोक तारेला लागलेच नाही, किंवा तार पलीकडे कुठेतरी तुटलेली आहे. परिपूर्णता आणि अनुपस्थिती यांची खूण एकच! म्हणून काकांनी माजघरातल्या होल्डरात आधी तारेचा बल्ब बसवला आणि लाल-काळीमध्ये मेगर हळूच फिरवून पाहिला. काटा शून्याकडे झोपला. म्हणजे वाट बोर्डापासून होल्डरपर्यंत अखंड. मग बल्ब काढून अर्थशी मोजले आणि अनंत आले. ओळीत हे काहीच नाही. पण “अनंत” हा शब्द कमावलेला आहे, नुसता हाती लागलेला नाही. तसा अनंत लिहिणारे कवीही थोडेच.

पुढच्या ओळींतून एक चाल दिसते. माजघर, ओटी, पडवी, स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर, मांगर, गोठा: आतून बाहेर. आणि आकड्यांनाही एक उतार आहे: अनंत, 50, 20, 4, 2. छपराखालून उघड्याकडे, कोरड्याकडून ओल्याकडे जावे तसे आवरण थकत जाते. मांगरात 10 आले म्हणून उतार क्षणभर अडखळतो. तिथे काजू आणि पेंढा असतो, जागा कोरडी असते आणि तार नंतरची आहे. अडखळण्यालाही कारण आहे.

औचित्याचा मुद्दा इथे येतो. सकाळच्या तीन प्रश्नांतच काकांना गोठ्याचा संशय आला होता, हे गाय बाहेर बांधायला सांगितले त्यावरून उघड आहे. दुसरा कुणी असता तर थेट गोठ्यात गेला असता, दोष काढला असता, पैसे घेऊन दुपारच्या एसटीने परतला असता. काकांनी गोठा शेवटी ठेवला. तसे केले नसते तर “न्हाणी – 4” ही ओळ लिहिलीच गेली नसती. न्हाणीचे चार नियमात बसतात, एकाच्या चौपट आहेत. पण वर “ऊन” लिहिलेले आहे. मे महिन्याच्या उन्हात चार, तर आषाढात किती? चार हा आकडा पुढे येणाऱ्या गोष्टीची पेरणी आहे.

“गोठा – 0. काळी.” साऱ्या मजकुराचा जीव या ओळीत आहे. आईने ती वाचली आणि विचारले, “आपली गाय तांबडी. यांनी काळी कुठं बघितली?” आम्ही हसलो. पण आईचे वाचन अगदीच चुकीचे नव्हते, कारण ही ओळ गाईचीही आहे.

काळी म्हणजे काळी तार, न्यूट्रल. जुन्या पद्धतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. गोठ्याकडे जाणाऱ्या दोन्ही तारा काकांनी पडवीतल्या बोर्डातून सोडवल्या आणि वेगवेगळ्या मोजल्या. लाल चांगली होती. काळी मोजताना काटा शून्यावर आडवा झाला. म्हणजे गोठ्यात कुठेतरी न्यूट्रल उघडी पडून जमिनीला भिडली होती.

आता सगळ्या गोष्टी एकमेकींना भेटतात. न्यूट्रल म्हणजे शून्य, ही शाळेतली समजूत. ट्रान्सफॉर्मरपाशी ती खरी आहे, तिथे न्यूट्रल जमिनीत गाडलेली असते. पण तिथून आमच्या घरापर्यंत लांब तार आहे आणि त्या तारेलाही रोध आहे. दोन हजार वॅटचा गिझर लावला की 8.7 अँपिअर तिच्यातून परत जातात. वाटेत अर्धा ओहम धरला तरी आमच्या टोकाला न्यूट्रल जमिनीहून सव्वाचार व्होल्ट वर उचलली जाते. ती गोठ्यात लोखंडी पाइपाला भिडलेली, म्हणून पाइप आणि नळही सव्वाचार व्होल्टवर. टेस्टरच्या दाण्याला साठ-सत्तर लागतात. त्याला सव्वाचार दिसणार कसे? चप्पल घातलेल्या माणसालाही ते जाणवत नाहीत. पण ओल्या जमिनीवर चार खूर रोवून उभी राहिलेली, ओले तोंड नळाला लावणारी गाय? तिला ते पुरतात. तांबू पाणी नाकारत नव्हती. ती मोजमाप सांगत होती, आणि आम्ही डोण घासत होतो.

गिझरचेही तेच. आरसीसीबीचा हिशोब एका वाक्यात सांगता येतो: जितका प्रवाह बाहेर गेला तितका परत आला पाहिजे. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की त्याने तुटलेच पाहिजे. पंधराच्या पुढे तो केव्हाही तुटू शकतो. गिझरमधून परतणारा प्रवाह बोर्डापाशी येऊन दुभंगत होता. बहुतेक न्यूट्रलने जाई, थोडासा गोठ्याच्या पाइपातून जमिनीत उतरे. पाइप आणि जमीन यांच्यात दीडशे ओहम धरले तर सव्वाचार व्होल्टांनी 28 मिलिअँपिअर वाहतात. काठावरचा आकडा. जमीन किती ओली, त्यावर कधी पडे, कधी न पडे. गिझर निर्दोष होता. दोष गोठ्यात होता आणि शिक्षा न्हाणीला होत होती. एमसीबी फक्त लाल तार तोडतो, म्हणून गोठ्याचा एमसीबी बंद करूनही काळी आपल्या जागी भिडलेलीच राहत होती. दुरुस्तीवाले चकले ते इथे.

पण ओळीची खरी व्यंजना याहून खोल आहे. “काळी” म्हटले की न लिहिलेला दुसरा रंग कानात वाजतो. गोठ्याची तार पाण्याच्या पाइपाला बांधणीच्या तारेने आवळलेली होती. वर्षानुवर्षे ती तार आवरणात रुतत गेली. दोन तारांपैकी पाइपाच्या बाजूला काळी होती, हा निव्वळ योगायोग. लाल असती तर? पाइपावर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट. दीडशे ओहमांतून जमिनीत दीड अँपिअर. किटकॅट फ्यूज दीड अँपिअरला वितळत नाही. तो शांत राहिला असता आणि नळ तसाच जिवंत राहिला असता, पहिला हात लागेपर्यंत. आरसीसीबी असता तर तुटला असता. म्हणून आईचे ते “नको” मी वर मोठे म्हटले. काकांनी नुसते “न्यूट्रल” लिहिले असते तर ते निदान झाले असते. “काळी” लिहिले, आणि शेजारची लाल न लिहिता दिसली. आनंदवर्धनाने ध्वनी म्हटले ते याहून फार वेगळे नसावे.

“गोठा – 50.” वरच्या शून्यापासून या पन्नासापर्यंत दुपार गेली. काकांनी वाट अर्धी अर्धी करत नेली. पडवीबाहेरचा सांधा सोडला, अलीकडचे मोजले, चांगले. पुढचा सांधा, चांगला. मग पाइपाजवळची लांबी. शेवटी बोटाने तार चाचपत गेले आणि एका बांधणीपाशी थांबले. ती तार काढून टाकली, पाइपापासून दूर, भिंतीवरून प्लास्टिकच्या नळीतून नवी नेली. या सगळ्याबद्दल मजकुरात एक शब्द नाही. शून्याच्या खाली सरळ पन्नास. कष्टाचे वर्णन गाळण्याचा हा संयम आमच्या लेखकमंडळींनी शिकण्यासारखा आहे, माझ्यासह. दुसऱ्या दिवशी सकाळी गिझर चालू असताना तांबूने डोण रिकामी केली. तेही काकांनी लिहिलेले नाही, कारण ते मोजलेले नाही.

रसग्रहणात दोषही सांगावेत. मजकुरात साल नाही. दहा वर्षांनी हा मे कोणता हे कुणाला कळणार? आणि अर्थिंगचा आकडाच नाही. आमच्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात विजेला फारशी वाट देत नाही. अर्थिंगचा पाइप, त्याभोवतीचा कोळसा आणि मीठ कितीही नेमाने भरलेले असो, मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो. काकांनी आईला तोंडी सांगितले, “माडाला घालता तसं आळं करून पाणी घालत जा.” सल्ला बरोबर. पण दारावर “अर्थ” अशी अकरावी ओळ आणि तिच्यापुढे एक आकडा हवा होता. ते मोजायचे यंत्र वेगळे असते आणि काकांच्या पिशवीत ते नव्हते. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून ही उणीव भरून निघत नाही. ते बटण आरसीसीबीची स्वतःची परीक्षा घेते, जमिनीची नाही.

राहिली शेवटची ओळ: “पावसात परत पाहणे.”

व्याकरणाच्या दृष्टीने ही ओळ विलक्षण आहे. पाहणे, पण कोणी? कर्ता नाही. सरकारी टिपणात “योग्य ती कार्यवाही करणे” असते तसे. मी ती काकांच्या स्वतःसाठीची आठवण समजलो. काका पावसात येतील, पाहतील. आषाढ आला, भिंती घामेजल्या, न्हाणीच्या छपरातून ओल उतरली, काका आले नाहीत. मी फोन केला.

“काका, परत पाहायचं होतं ना?”

“लिहिलंय ना तिथं?”

“हो. पण कोणी पाहायचं ते नाही लिहिलं.”

पलीकडे थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू आला. “घर कुणाचं?” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले. पण मेगर माझ्यापुढे सरकवला. मेन त्यांनी बंद केला, टेस्टर आधी, मधे आणि नंतर लावून खात्री केली, टोके जोडली. दांडा माझ्या हातात. पहिल्या दहा फेऱ्यांत कळले की वेग ढळला की काटा खोटे बोलतो. एक मिनिट किती लांब असते ते दंडाला कळले. मी न्हाणीपासून सुरुवात केली, मे महिन्यापासून मनात राहिलेला तो चार. काटा चढला, थबकला, एकाच्या खालीच ठरला. अर्धा. नियमापेक्षा निम्मा, आणि तरीही आरसीसीबीला त्याची चाहूलसुद्धा नाही. अर्ध्या मेगाओहमातून अर्धा मिलिअँपिअरही गळत नाही. आरसीसीबी घटना घडताना धावतो. मेगर घटनेच्या कितीतरी आधी बोलतो, ऐकणारा असेल तर. न्हाणीची तार बदलायची हे ठरून गेले.

मी पेन्सिल घेतली. दारावर जुन्या ओळींच्या उजव्या हाताला मोकळी जागा होती. “न्हाणी – 0.5” लिहायला पेन्सिल टेकवली, तर काकांनी माझे मनगट धरले.

“आधी वर लिहा.”

“काय?”

“पाऊस.”